दत्तूचं बोरन्हाण

आईला दिवस गेल्याचं मला शेजारच्या गोदाकाकूंकडून कळलं, आणि त्यानंतर दोन दिवस मी आईशी बोलले नाही. मी तेव्हा दहावीत होते. माझी मोठी बहीण पुसदला दिलेली, तिच्या मुलाला दात येऊ लागलेले, आणि इकडे त्या मुलाची आजी डोहाळ्यांनी बेजार. भाच्यापेक्षा धाकटा मामा जन्माला येणार म्हणून ताईच्या सासरी काय काय बोललं जात असेल, ते आई न ऐकताच ऐकत होती. पदर पोटावर ओढून घ्यायची आणि विहिरीवर जायचं असलं तर सगळ्या बायका येऊन गेल्यावर जायची. मला तर वर्गात कोणी हसलं तरी वाटायचं, माझ्या आईलाच हसताहेत. पंधराव्या वर्षी माणूस फार दुष्ट असतं. निदान मी तरी होते.

आमचं घर दिग्रसला, कापसाच्या जिनिंगच्या मागच्या गल्लीत. वडील नगरपालिकेत कारकून. दिवाळीनंतर जीन सुरू झालं की चैत्रापर्यंत त्याची धडधड घरात चालायची. भिंतीला टेकून बसलं तर पाठीत जाणवायची. रुईचे तंतू उडून येत आणि दुधावर, वरणावर, लोणच्याच्या फडक्यावर बसत. आई सकाळी केस विंचरताना आधी फणीनं रुई काढायची आणि मग गुंता. त्या घरातली माझी पहिली आठवण विचाराल तर भोंग्याची आहे, दुसरी आंबाडीच्या भाजीत टाकलेल्या ज्वारीच्या कण्यांच्या वासाची. जीन बंद झाल्यावर उन्हाळ्यात गल्ली इतकी शांत व्हायची की मला झोप लागत नसे.

बाळंतपणाची तयारी आम्ही चोरून केली, असंच म्हणायला हवं. जुनी लुगडी फाडून दुपटी आणि लंगोट करायचं काम माझ्याकडे आलं, कारण आईला ते अंगणात बसून करायची लाज वाटे. सुंठ, खारीक, डिंक कुटायचा तर खलबत्त्याचा आवाज तिन्ही घरांत जाणार. मग आईनं युक्ती काढली. सकाळचा भोंगा झाला, जीन धडधडायला लागलं, की ती म्हणायची, "आता कुट व कुंदे, आता कोणाले ऐकू येत नाही." मी खलबत्त्याखाली गोणपाट घालून रागारागानं कुटायची. कुंची मी शिवली, टोपडं मी शिवलं, आणि दोन्हींना टाके घालताना मनात त्या न आलेल्या जिवाला शिव्या देत होते. हे लिहिताना हात थांबतो, पण लिहायचंच ठरवलंय तर सगळंच लिहायला हवं.

दत्तजयंतीच्या आदल्या दिवशी मुलगा झाला, म्हणून दत्तू. आईचं रक्त फार गेलं. दोन महिने ती बाजेवरून धड उठली नाही, दूधही पुरेसं आलं नाही. माझी शाळा "हे एक वर्ष" म्हणून सुटली ती सुटलीच. पाय लांब करून, त्यावर पोराला पालथं टाकून, तेल चोळून न्हाऊ घालायचं गोदाकाकूंनी मला शिकवलं. शेगडीवर ओवा आणि वावडिंग टाकून धुरी द्यायची, टाळूवर तेलाचा बोळा ठेवायचा, मग टोपडं बांधायचं. सहाणेवर वेखंड, मुरडशेंग, हळकुंड, बदाम उगाळून घुटी करायची. प्रत्येकाचे वळसे ठरलेले, एक जास्त झाला की काकू ओरडायच्या. पहिले काही आठवडे मला त्याचा रागच होता. एकदा तो रडायचा थांबेना तेव्हा मी त्याच्या मांडीला चिमटा काढला. तो आणखी रडला आणि मग रडत रडत माझ्याच खांद्यावर तोंड खुपसून झोपला. मला माझीच शिसारी आली. त्या दिवसानंतर मी त्याला कधी दुसऱ्याच्या हातात फार वेळ राहू दिलं नाही. अकराव्या महिन्यात तो बाज धरून उभा राहिला, आणि पहिलं पाऊल टाकलं ते माझ्याकडे, आईकडे नाही. आईनं ते पाहिलं आणि हसून म्हणाली, "घे, तुहाच आहे तो."

संक्रांत आली तोवर आईच्या अंगात ताकद आली होती, आणि ताकदीबरोबर तिची लाजही गेली. बोरन्हाण थाटात करायचं, तिनं ठरवलं. काळ्या कापडाचं पांढऱ्या ठिपक्यांचं झबलं तिनं स्वतः शिवलं. आठ दिवस मंद शेगडीवर परातीत तीळ हलवत, थेंब थेंब पाक सोडत काटेरी हलवा केला. बोटांची आग व्हायची, तरी परात माझ्या हाती दिली नाही. हलव्याचा मुकुट, हलव्याची बासरी, हलव्याचे वाळे. ज्या बायकांना चुकवून ती वर्षभर विहिरीवर जात होती त्या सगळ्यांना तिनं घरोघर जाऊन बोलावणं केलं. गल्लीतून परत आली तेव्हा तिचं तोंड उजळलं होतं. मी माझ्या आईला तितक्या आनंदात त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढे मी जे केलं त्याला हे एक कारण होतं. ते पुरेसं कारण नव्हतं, हेही मला ठाऊक आहे.

दुपारी चारची वेळ. ओसरीत चटई, चटईवर पाट, पाटावर दत्तू, त्याला मागून धरून मी. भोवती गल्लीतली पंधरा-वीस पोरं दबा धरून बसलेली. मापात बोरं, उसाचे करवे, मुरमुरे, हरभऱ्याचे घाटे, भुईमुगाच्या शेंगा. पहिलं माप डोक्यावरून ओतलं तसा दत्तू दचकला आणि त्यानं भोकाड पसरलं. पोरं तुटून पडली, कोणी त्याच्या पायावर, कोणी माझ्या. मुकुट सुटून कानावर आला. "काहून रडून राह्यला व? चूप कर ना त्याले कुंदे!" आई म्हणाली. बायकांसमोर तिला ते रडं नको होतं. मी मांडीवर पडलेली एक शेंग फोडली, दाणा काढला. पूर्ण दाणा द्यायचा नाही इतकी अक्कल मला होती. म्हणून दातानं अर्धा केला आणि अर्धा त्याच्या तोंडात घातला. तो खरंच गप्प झाला, जिभेनं दाणा इकडून तिकडे फिरवायला लागला. तेवढ्यात गोदाकाकूंनी दुसरं माप ओतलं. त्यानं दचकून मोठा श्वास आत घेतला, आणि मग आवाजच बंद.

त्याचे ओठ निळे झालेले मी पाहिले. डोळे वर गेले. काकूंनी झटकन टाळूवर हात ठेवला, फुंकर घातली, "वर पाह्य रे राजा, वर चिमणी पाह्य!" असं दोनदा म्हटलं. आम्हा सगळ्यांना ठसक्यावर तेवढाच उपाय माहीत होता. आता शाळेतल्या पोरांनासुद्धा शिकवतात की पालथं धरून पाठीत थापट्या मारा; आम्ही फुंकर घालत होतो. मग तो एकदम खोकला, पुन्हा खोकला, श्वास आला, रंग आला, आणि रडायला लागला. पोरांनी एवढ्या वेळात बोरं वेचणं थांबवलंही नव्हतं. आई समोर येऊन उकिडवी बसली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "काही गेलतं का व त्याच्या तोंडात?" तिनं विचारलं. सगळ्या बायका माझ्याकडे पाहत होत्या. दत्तूच्या झबल्याला लाळेनं एक मुरमुरा चिकटला होता. मी तो उचलून आईच्या तळहातावर ठेवला. "हा गेलता. निघाला पाह्य," मी म्हणाले. आईनं तो मुरमुरा पाहिला, देवाकडे पाहून हात जोडले आणि हळदीकुंकवाचं तबक आणायला उठली.

परवा नातीच्या मैत्रिणीच्या मुलाचं बोरन्हाण होतं. हॉलमध्ये फुगे, भाड्याची सजावट आणि मापात रंगीत गोळ्या. मी खुर्चीवरून उठून त्या मापात हात घालून एकेक गोळी वेचून काढायला लागले. पोराची आई हसत नातीच्या कानात काहीतरी म्हणाली. म्हातारी खवचट आहे असं म्हणाली असेल. म्हणू दे.

दत्तूचा खोकला त्याच रात्री सुरू झाला. चार दिवसांनी ताप. गल्लीतल्या सगळ्यांचं एकमत, की रुई छातीत गेली. आईनं खिडकीला ओली लुगडी बांधली, दूध गाळून घ्यायला लागली. काकू ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून छाती शेकायच्या. गावातल्या डॉक्टरांनी नळी लावून छाती ऐकली आणि विचारलं, "काही गिळलं-बिळलं होतं का यानं? ठसका लागला होता का?" त्यांची काही चूक नव्हती, त्यांनी नेमकं विचारलं होतं. आई म्हणाली, "लागलता जी, पण मुरमुरा होता, तो निघाला. आमच्या कुंदीनं सोता पाह्यलं." आणि अभिमानानं माझ्याकडे पाहिलं. मी तिच्या मागे दत्तूचं दुपटं हातात घेऊन उभी होते. डॉक्टरांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि इंजेक्शन भरलं.

इंजेक्शनानं ताप उतरायचा आणि पंधरा दिवसांनी पुन्हा चढायचा. मग डॉक्टर म्हणाले, छातीत क्षयाची सुरुवात असावी. लाल औषध सुरू झालं; त्यानं लंगोट केशरी व्हायचे आणि धुऊनही डाग जात नसत. दत्तू चालायला शिकला होता तो पुन्हा बसायला लागला. मी त्याच्या पाठीला कान लावून ऐकायची. डावीकडे श्वास यायचा-जायचा. उजवीकडे खाली काहीच नाही, फक्त एक बारीक शीळ. ती कुठून येते ते मला ठाऊक होतं. मी काही डॉक्टर नव्हते, पण तो अर्धा दाणा मी दिला होता आणि तो बाहेर आलेला मी पाहिला नव्हता, त्यामुळे डॉक्टरांपेक्षा मला जास्त कळत होतं. मग का बोलले नाही? भीती होती हे खरं. पहिल्या दिवशी मार बसला असता. आठव्या दिवशी लोक म्हणाले असते, आठ दिवस काय करत होतीस. दोन महिन्यांनी तर विचारायलाच नको. एकदा मी ठरवून आईजवळ गेले. ती दत्तूला मऊ भातावर तुरीच्या वरणाचं पाणी घालून भरवत होती आणि त्यानं खोकल्याशिवाय चार घास खाल्ले म्हणून तिला इतका आनंद झाला होता की मी नुसतं पाणी पिऊन परत आले.

मे महिन्यात ताप उतरेना. त्याच्या श्वासाला घाण वास यायला लागला. डॉक्टरांनी यवतमाळला न्यायला सांगितलं. आम्ही तिघं दत्तूला घेऊन सकाळच्या एसटीत बसलो. आई पुढे खिडकीशी, मांडीवर तो. मी आणि बाबा मागच्या बाकावर. प्रत्येक खड्ड्याला तो कण्हायचा आणि ते मला मागे ऐकू येत होतं. आर्णीला गाडी थांबली. आई त्याच्या कपाळावरची पट्टी ओली करायला नळावर उतरली. मी बाबांकडे न पाहता सांगून टाकलं. शेंग, दाणा, अर्धा केला तो, मुरमुरा, सगळं. बाबा मान खाली घालून ऐकत होते. माझं संपल्यावर त्यांनी विचारलं, "अर्धा?" मी मान हलवली. "कवापासून मालूम हाये तुले?" "पह्यल्या दिवसापासून," मी म्हणाले. मला वाटलं आता थोबाडीत बसेल. बसावी असंच वाटत होतं. नळाकडून आई ओली पट्टी पिळत येताना दिसली, तेव्हा बाबा हळू आवाजात म्हणाले, "डॉक्टरले मी सांगतो. तुह्या मायले सांगू नको. तिनं लय मानानं केलतं ते बोरन्हाण."

यवतमाळहून आम्हाला नागपूरला पाठवलं. तिथल्या दवाखान्यात घशातून नळी घालून डॉक्टरांनी छातीत पाहिलं. आई व्हरांड्यात पोथी वाचत बसली होती. डॉक्टरांनी आत फक्त बाबांना बोलावलं. ते बाहेर आले, हात धुवायला नळावर गेले. मी मागे गेले. "निघाला," ते म्हणाले. "फुगला होता. काळा पडला होता." आईला त्यांनी सांगितलं की कफाची गाठ होती, काढली. तिनं दवाखान्यातल्या सगळ्या बायांना साखर वाटली. फुप्फुसाचा खालचा भाग सडलाय, तो सुधारायचा नाही, हे डॉक्टरांनी सांगितलेलं बाबांनी मला सांगितलं, तिला नाही. अशा रीतीनं आमच्या घरात दोघांना एक गोष्ट माहीत आणि तिसरीला दुसरी, असं सुरू झालं. बाबा पुढे वीस वर्षं जगले, पण त्या विषयावर माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. जेवताना ताट मीच वाढायची. ते ताटाकडे पाहायचे.

दत्तू त्यानंतर सव्वा वर्ष राहिला. सकाळ-संध्याकाळ त्याला गुडघ्यांवर आडवं, डोकं खाली करून ठेवायचं आणि पाठीवर पोकळ हातानं थापट्या मारायच्या, म्हणजे छातीतला पू वाटीत पडतो, हे नागपूरच्या नर्सनं मला शिकवलं होतं. जी थाप त्याला त्या दुपारी ओसरीत मिळायला हवी होती ती मी त्याला रोज दोनदा देत होते. त्याला तो खेळ वाटायचा. पू पडून गेला की तो मान वर करून हसायचा. बोलायला लागला तेव्हा मला "कुन्नी" म्हणायचा, मांजरीला "माऊ", जिनाला "धडधड". लाडात आला की आपण होऊन यायचा, माझ्या गुडघ्यांवर पालथा पडायचा आणि म्हणायचा, "कुन्नी, थाप." भूक, झोप, भीती, सगळ्यावर त्याला तेच हवं असायचं. दुसऱ्या वर्षी पोळ्याच्या आधी ताप आला तो गेला नाही. एका दुपारी माझ्या गुडघ्यांवरच तो ढिला पडला. मी थापतच होते. आईनं येऊन माझा हात धरला तेव्हा मी थांबले.

माझं लग्न झालं, मुलं झाली. मुलं पाच वर्षांची होईपर्यंत त्यांना मी शेंगदाणा दाखवला नाही आणि सासूशी त्यावरून भांडत राहिले. बाबा गेल्यानंतरच्या हिवाळ्यात मी माहेरी गेले होते. आई आणि मी अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो. आई मध्येच म्हणाली, "कुंदे, एक सांगू? कोणाले सांगू नको. दत्तू पोटात होता ना, मी काढा घेतलता. तीन दिवस. पाडाले घेतलता. लाज वाटे मले, ताईच्या सासरचे काय म्हणतीन. तो काही पडला नाही, पण त्याची छाती कच्ची निघाली. मीच मारलं त्याले." तिच्या बोटांतून हिरवे दाणे टोपलीत पडत होते. दर गुरुवारी ती पाणीसुद्धा न पिता उपास करायची. आम्ही समजत होतो, दत्ताची भक्ती आहे.

माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. पाच-सहा शब्दांचं. आर्णीच्या स्टँडवर एकदा बोललेलं, त्यामुळे पाठही होतं. मी म्हणाले, "तसं नसते व आई. कफाची गाठ होती ती. डॉक्टरच म्हणे." आई म्हणाली, "तुले काय समजते," आणि पुढची शेंग घेतली.

शेवटची सहा वर्षं ती माझ्याकडे होती. गुरुवार तिनं सोडला नाही. अंथरुणाला खिळल्यावरही सूर्य मावळेपर्यंत ओठ मिटून पडून राहायची. मी चमचा घेऊन शेजारी बसायची, दिवस बुडाला की पहिला घोट पाजायची, तोंड पुसायची. एवढ्या गुरुवारांपैकी कुठल्याही एका गुरुवारी मला सांगता आलं असतं.